अक्कलदाढेखालचा बोगदा

कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या बाहेरगावच्या गाडीत खिडकीशी बसला असाल, तर हा अनुभव तुम्हांला असेलच. डोंबिवली मागे पडते, दिवा मागे पडते आणि एकाएकी बाहेर काळोख होतो. चाकांचा खडखडाट दुप्पट मोठा वाटू लागतो. थोड्याच वेळात पुन्हा उजेड येतो, खाडीचे पाणी दिसते आणि ठाणे येते. हा पारसिकचा बोगदा. त्याची लांबी सुमारे १.३ किलोमीटर. १९१६ साली तो खुला झाला. डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या या मार्गाखेरीज दुसराही एक मार्ग आहे. तो मुंब्रा आणि कळवा ही स्थानके घेत डोंगराच्या कडेकडेने, उघड्यावरून जातो. दोन्ही मार्ग ठाण्याला एकत्र येतात आणि पुढे मुंबईला जातात.

आता अशी कल्पना करा, की या बोगद्याच्या बरोबर वर, डोंगरात एक प्रचंड धोंडा रुतून बसला आहे. तो काढायचा आहे. पण खालच्या बोगद्याला आणि रुळांना धक्का लागता कामा नये. काम किती जपून करावे लागेल!

दातांच्या डॉक्टरांपुढे पुष्कळदा हाच प्रश्न उभा राहतो. धोंडा म्हणजे अडकलेली अक्कलदाढ. डोंगर म्हणजे खालच्या जबड्याचे हाड. आणि बोगद्यातून जाणारा मार्ग म्हणजे खालच्या ओठाची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू.

समजा, डोंबिवलीत राहणारे एक आजोबा आहेत. वय ६५. गेल्या वर्षभरात त्यांची खालची अक्कलदाढ दोनदा सुजली. डॉक्टरांनी छायाचित्र काढले आणि सांगितले, "दाढ काढता येईल. पण खालचा ओठ काही दिवस बधिर राहण्याचा संभव आहे, आणि क्वचित तो कायमचा बधिर राहतो. विचार करून सांगा." घरी आल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, बाबांची तशीच दाढ पंचविसाव्या वर्षी काढली, तेव्हा डॉक्टर एवढे काळजीत नव्हते. मग तुमच्याच वेळी का?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर शोधू या.

दाढ अडकते कशी?

मोठ्या माणसाच्या तोंडात एकूण ३२ दात असतात. पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८ आणि दाढा १२. दाढांपैकी अगदी मागच्या चार म्हणजे अक्कलदाढा. त्या साधारण १७ ते २५ या वयात येतात. माणसाला समज येण्याचे हेच वय, म्हणून हे नाव पडले. अकलेशी त्यांचा दुसरा काही संबंध नाही!

सर्वांत शेवटी येणाऱ्याला जागा कमी मिळते, हे लोकलने प्रवास करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पुष्कळांच्या जबड्यात अक्कलदाढेला पुरेशी जागाच उरलेली नसते. मग ती पुढच्या दाढेवर तिरकी रेलते, कधी आडवी पडते, कधी अर्धीच हिरडीबाहेर येते, तर कधी हाडातच राहते. अर्धवट वर आलेल्या दाढेभोवती हिरडीचा एक कप्पा तयार होतो. त्यात अन्नाचे कण आणि जंतू साचतात आणि सूज येते. आजोबांना झाले ते हेच.

दोन मार्ग

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला 'त्रिशाखी' म्हणतात, कारण त्याच्या तीन शाखा असतात. तिसरी शाखा खालच्या जबड्याकडे येते. तिचे दोन फाटे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला फाटा जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या बाजूने हाडात शिरतो. तेथून दातांच्या मुळांखालून एक बारीक बोगदा पुढे जातो. त्याचा व्यास जेमतेम काही मिलिमीटर. त्यातून मज्जातंतू आणि त्याच्या सोबतीला रक्तवाहिन्या जातात. उपदाढांच्या खाली, हनुवटीच्या बाजूला एक छिद्र असते. तेथून हा मज्जातंतू बाहेर पडून खालच्या ओठात आणि हनुवटीत पसरतो. असे बोगदे दोन, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. हा झाला आपला पारसिकचा मार्ग.

दुसरा फाटा जिभेकडे जातो. तो हाडात शिरत नाही. अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने, हाडाला अगदी लगटून, मऊ भागातून जातो. काही माणसांत तर तो हाडाच्या काठापेक्षाही वर, हिरडीतच असतो. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची स्पर्शसंवेदना हा नेतो, आणि त्या भागातील चव जाणणारे तंतूही त्याच्याबरोबरच जातात. हा मुंब्रा-कळव्याचा उघडा मार्ग समजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे दोन्ही फाटे येथे संवेदना नेण्याचे काम करतात. ओठ हलविणारे स्नायू दुसऱ्याच मज्जातंतूच्या ताब्यात असतात. म्हणून बोगद्यातील मज्जातंतूला इजा झाली, तरी ओठ वाकडा होत नाही. आरशात सारे ठीक दिसते. पण चहाचा थेंब ओठावरून ओघळला तरी कळत नाही. चहा फार गरम आहे, हे ओठ भाजल्यावरही कळत नाही. जेवताना ओठ दाताखाली येतो. काहींना त्या जागी मुंग्या येतात, तर काहींना आग होते. बाहेरून न दिसणारे हे दुखणे माणसाला दिवसभर छळते.

करून पहा : १

केसांची एक पिन घ्या. तिची टोके बोथट आहेत ना, हे आधी पाहा. टोकांमध्ये ४ मिलिमीटर अंतर ठेवा. मित्राला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही टोके एकाच वेळी हलकेच त्याच्या खालच्या ओठाला लावा. बहुधा तो "दोन" म्हणेल. आता तीच पिन त्याच्या मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागाला लावा. तो "एक" म्हणेल! तेथे टोके तीन-चार सेंटिमीटर दूर नेल्याशिवाय दोन स्पर्श वेगळे कळत नाहीत.

जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी अशा प्रयोगांची माहिती १८३४ साली प्रसिद्ध केली. ओठ इतका चाणाक्ष असतो, कारण त्यात मज्जातंतूंची टोके दाटीने असतात आणि त्यांचे निरोप घेण्यासाठी मेंदूतही मोठी जागा राखलेली असते. म्हणूनच हाताचा तेवढाच भाग बधिर झाला तर माणूस विसरून जाईल; पण ओठ बधिर झाल्याचे विसरता येत नाही. दाढ काढल्यानंतर ओठ बधिर राहिला, तर तो किती आणि कोठवर, हे मोजायला डॉक्टर हीच दोन टोकांची परीक्षा वापरतात.

वयाने काय बदलते?

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. दाढ तीच, जागा तीच. मग पंचविशीत आणि पासष्टीत फरक कोणता?

पहिला फरक मुळांचा. दाढेचा माथा आधी तयार होतो आणि मुळे नंतर वाढतात. सतरा-अठराव्या वर्षी मुळे बहुधा अर्धी किंवा दोन तृतीयांश झालेली असतात. पंचविशीच्या सुमारास ती पूर्ण होतात. वाढताना त्यांची टोके बोगद्याच्या छतापर्यंत पोहोचू शकतात. कधी बोगद्याला खोबण पडते, कधी मुळांची टोके त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात.

दुसरा फरक हाडाचा. तरुण हाड थोडे लवचीक असते. दाढ हलविली, की ते किंचित दबून वाट देते. वय वाढते तसे हाड कडक आणि ठिसूळ होते. ओली फांदी आणि वाळकी काटकी वाकवून पाहा, म्हणजे हा फरक समजेल. वाट मिळत नसल्यामुळे अधिक हाड कोरावे लागते, दाढेचे अधिक तुकडे करावे लागतात, वेळ अधिक लागतो. जेवढे अधिक कोरावे, तेवढे बोगद्याच्या जवळ जावे लागते.

तिसरा फरक दाढ आणि हाड यांच्यामधल्या गादीचा. दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मध्ये तंतूंचा एक पातळ पदर असतो. उतारवयात तो आणखी पातळ होतो आणि कधीकधी मूळ हाडाला जणू सांधलेच जाते.

चौथा फरक बरे होण्याचा. मज्जातंतूला इजा झालीच, तर तो तरुणपणी जितक्या झपाट्याने सावरतो तितका उतारवयात सावरत नाही. त्यात मधुमेह असेल, तर आणखी वेळ लागतो.

म्हातारपणी आणखी एक गंमतीदार गोष्ट घडते. सगळे दात पडले, की जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. त्यामुळे पन्नास वर्षे हाडात दडून बसलेली अक्कलदाढ सत्तराव्या वर्षी कवळीखाली डोके वर काढते! आजी म्हणतात, "मला नवीन दात आला." दात नवीन नसतो; त्याच्यावरचे हाड गेलेले असते. अशा जबड्यात हाड इतके पातळ उरलेले असते, की दाढ काढताना जबडाच मोडू नये याचीही काळजी घ्यावी लागते.

इजेचे तीन प्रकार

मज्जातंतू म्हणजे एकच धागा नव्हे. टेलिफोनच्या जाड केबलप्रमाणे एका वेष्टनात हजारो बारीक तंतू असतात. दाढ उचलताना मुळाचे टोक बोगद्यावर दाबले जाऊ शकते. कोरण्याचे यंत्र बोगद्यापर्यंत जाऊ शकते. किंवा नंतर आलेल्या सुजेने आणि साठलेल्या रक्ताने आतला तंतू चेपला जाऊ शकतो. जिभेच्या मज्जातंतूला धोका असतो तो आतल्या बाजूची हिरडी बाजूला करताना किंवा हत्यार त्या बाजूला निसटल्यास.

इंग्लंडमधील सेडन या डॉक्टरांनी १९४३ साली अशा इजांचे तीन प्रकार सांगितले.

(१) तंतू नुसते चेपले जातात, तुटत नाहीत. निरोप थांबतात, पण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा सुरू होतात.

(२) आतले तंतू तुटतात, वेष्टन मात्र शाबूत राहते. तंतू त्या वेष्टनातून पुन्हा वाढतात.

(३) वेष्टनासकट सारा मज्जातंतू तुटतो. मग त्याला आपोआप वाट सापडणे कठीण असते. सूक्ष्मदर्शकाखाली टोके शिवावी लागतात, आणि तरीही पहिल्यासारखी संवेदना येईलच असे नाही.

तुटलेल्या तंतूचे काय होते, हे प्रथम दाखविले वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने, १८५० साली, आणि तेही बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून! आपल्या पेशीपासून वेगळा झालेला तंतूचा भाग मरून विरघळतो, असे त्याला दिसले. पुढे कळले, की पेशीकडे उरलेल्या टोकाला नवा कोंब फुटतो आणि तो ओठाच्या दिशेने वाढत जातो. गंमत अशी, की निरोप ओठाकडून मेंदूकडे जातात. पण दुरुस्ती मात्र उलट दिशेने होते.

हा कोंब दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. आता एक हिशेब करा. अक्कलदाढेपासून ओठापर्यंतची वाट ६ सेंटिमीटर धरली, म्हणजे ६० मिलिमीटर. ६० दिवस झाले. सुरुवातीला मेलेला भाग साफ व्हायला आणि कोंब फुटायला काही आठवडे लागतात, ते मिळवा. म्हणजे दुसऱ्या प्रकारची इजा झाली, तर निदान तीन महिने तरी धीर धरायला हवा. बहुतेकांची सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसू लागते. वर्ष-दीड वर्षानंतरही जे बधिरपण उरते, ते बहुधा राहतेच.

येथे बोगद्याचा एक फायदाही दिसतो. त्याच्या हाडाच्या भिंती तुटलेली टोके एका रेषेत धरून ठेवतात आणि नव्या कोंबाला वाट दाखवितात. जिभेच्या मज्जातंतूला अशी भिंत नाही. तो तुटला, तर त्याची टोके मऊ भागात मागे सरकतात आणि एकमेकांपासून दुरावतात. जो बोगदा अडचणीचा, तोच दुरुस्तीच्या वेळी मदतीचा!

हे सारे किती जणांना होते? निरनिराळ्या पाहण्यांत आकडे निरनिराळे आले आहेत. ढोबळ मानाने, खालच्या अक्कलदाढा काढलेल्या शंभरांपैकी थोड्यांना, एक ते पाच जणांना म्हणा, काही काळ ओठाचे बधिरपण येते. कायमचे बधिरपण शंभरात एकाहूनही कमी जणांना येते. मात्र मूळ बोगद्याला भिडलेले असेल, तर धोका बराच वाढतो आणि वयाबरोबरही तो वाढतो. म्हणूनच सरासरीच्या आकड्यावरून आजोबांचे उत्तर मिळत नाही. त्यांचाच जबडा पाहावा लागतो.

करून पहा : २

आत पाहायचे, तर क्ष-किरणांचे छायाचित्र हवे. पण छायाचित्र म्हणजे शेवटी सावलीच.

रात्री खोलीत अंधार करा. दोन पेन्सिली आडव्या, एकाच उंचीवर, पण एकमागे एक अशा धरा. मध्ये वीतभर अंतर ठेवा. मित्राला त्याच उंचीवरून भिंतीच्या दिशेने बॅटरीचा उजेड पाडायला सांगा. भिंतीवर एकच सावली दिसेल. पेन्सिली एकमेकींना चिकटल्या आहेत, असेच कोणीही म्हणेल. आता मित्राला बॅटरी वर न्यायला सांगा. सावल्या दोन झाल्या!

नेहमीच्या छायाचित्रात नेमके हेच होते. मज्जातंतू त्यात दिसत नाही. दिसतो तो बोगदा, दोन पांढऱ्या रेषांच्या रूपाने. त्याच्यावर मुळाची सावली पडलेली दिसली, तर मूळ बोगद्याला खरेच टेकले आहे, की त्याच्या पुढून वा मागून गेले आहे? काही खुणा मदत करतात. मुळापाशी पांढरी रेषा तुटलेली असेल, मूळ तेथे काळसर दिसत असेल, किंवा बोगदा तेथे वळसा घेत असेल, तर डॉक्टर सावध होतात. अशा खुणांची पद्धतशीर तपासणी रूड आणि शेहाब यांनी १९९० साली प्रसिद्ध केली. या खुणा दिसल्या, तर बॅटरी फिरवावी त्याप्रमाणे क्ष-किरणांचा शंकू डोक्याभोवती फिरवून अनेक चित्रे घेतात आणि संगणकाने त्यांची त्रिमिती प्रतिमा तयार करतात. मग मूळ बोगद्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे कळते. जिभेचा मज्जातंतू मात्र हाडात नसल्यामुळे या चित्रांतही दिसत नाही. तेथे डॉक्टरांचे ज्ञान आणि सावध हातच उपयोगी पडतात.

काढावी की ठेवावी?

येथे तीन वाटा आहेत.

पहिली वाट, दाढ ठेवायची आणि तिच्यावर नजर ठेवायची. साठ वर्षे हाडात गुपचूप पडून असलेली, काहीही त्रास न देणारी दाढ केवळ ती अडकलेली आहे म्हणून काढू नये, हा विचार आता अनेक ठिकाणी मान्य आहे. ब्रिटनमधील आरोग्यसेवेने २००० साली असाच सल्ला दिला.

दुसरी वाट, पूर्ण दाढ काढायची. वारंवार सूज, कीड, पुढच्या दाढेची झीज किंवा दाढेभोवती झालेली पाण्याची पिशवी, अशी कारणे असतील, तर दाढ ठेवण्याचाच धोका मोठा ठरतो. मग दाढेचे तुकडे करून, एकेक मूळ त्याच्या वळणाने, जोर न लावता काढतात.

तिसरी वाट, फक्त माथा काढायचा आणि बोगद्याला भिडलेली मुळे तशीच ठेवायची. ही पद्धत १९८४ साली फ्रान्समध्ये मांडली गेली. धोंड्याचा वरचा भाग फोडून न्यायचा आणि बोगद्याच्या छतात रुतलेला तळ तसाच सोडायचा, असे समजा. राहिलेली मुळे पुढे कधीकधी थोडी वर सरकतात. तेव्हा ती काढावी लागली, तरी बोगद्यापासून दूर आलेली असतात. पण मुळांनाच कीड लागली असेल किंवा ती ढिली असतील, तर ही वाट बंद होते.

आजोबांची दाढ दोनदा सुजली आहे. तेव्हा नुसती नजर ठेवणे पुरेसे नाही. छायाचित्रात पांढरी रेषा तुटलेली दिसली, तर त्यांनी त्रिमिती प्रतिमा काढून घ्यावी आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावी. असे तज्ज्ञ ठाणे-कल्याण भागात आहेत. आणि मुंबईला १९३३ साली सुरू झालेल्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयासारख्या संस्थाही आहेत. जाताना आजोबांनी आपल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली, सर्व औषधे तीत हवीत. यांतले एकही औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही. आणि तीन प्रश्न विचारावेत : माझ्या दाढेचे मूळ बोगद्याला टेकले आहे का? दाढ ठेवली तर काय होईल? फक्त माथा काढून चालेल का?

शस्त्रक्रियेच्या वेळी टोचलेल्या भुलीने ओठ काही तास बधिर राहतो, ते साहजिकच आहे. पण दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच वाटली, तर "होईल बरे" म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मुळाचा एखादा तुकडा मज्जातंतूवर दाबत असेल, तर तो लवकर काढावा लागतो. आणि शिवण्याची वेळ आलीच, तर पहिल्या काही महिन्यांत केलेले काम अधिक यशस्वी होते. तोवर चहा निववून प्यावा आणि घास सावकाश चावावा.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हीही देऊ शकाल. बाबांच्या वेळी धोंडा लहान होता आणि डोंगर मऊ होता. आजोबांच्या वेळी धोंडा बोगद्याला टेकला आहे आणि डोंगर कातळाचा झाला आहे. डॉक्टर काळजीत दिसले, ते त्यांना काम येत नाही म्हणून नव्हे. डोंगराच्या पोटात काय आहे ते त्यांना ठाऊक आहे म्हणून.

विचार करा

१. भुलीचे इंजेक्शन जबड्याच्या मागच्या भागात, बोगद्याच्या तोंडाशी देतात. मग बधिर होणारा ओठ इतका पुढे कसा?

२. मज्जातंतूचा कोंब दिवसाला १ मिलिमीटर वाढतो. वाट ४५ मिलिमीटरची असेल आणि कोंब फुटायला ३ आठवडे लागले, तर संवेदना परत यायला किती दिवस लागतील?

३. जिभेच्या एका बाजूला स्पर्शही कळत नाही आणि साखरेची चवही कळत नाही. दोन मार्गांपैकी कोणत्या मार्गाला इजा झाली असेल?

४. रेल्वेची आणि मज्जातंतूची तुलना कोठे जुळत नाही? निदान दोन फरक शोधा.